चार माणसांनी उचलायची गाडी

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, बार्शी लाइट रेल्वेवर ट्रॉलीमन होते. 1897 साली सुरू झालेली ही अडीच फुटी लाईन 1954 मध्ये सरकारी झाली, तरी कुर्डुवाडीत तिला शेवटपर्यंत बार्शी लाइटच म्हणत. पी. डब्ल्यू. आय. साहेब, म्हणजे रुळांचे इन्स्पेक्टर, लाईन तपासायला निघाले की ट्रॉलीच्या बाकावर छत्रीखाली बसत. दोन गडी मागून, एक या रुळावर आणि एक त्या रुळावर, अनवाणी पळत ट्रॉली ढकलत आणि वेग आला की उडी मारून मागच्या फळीवर टेकत. चैत्र-वैशाखात रूळ तव्यासारखा तापायचा. लहानपणी मी आण्णांचे तळवे बोटानं दाबून बघायचो. ते दबायचे नाहीत.

ट्रॉली म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "चार गड्यांनी उचलली तर टराली, न्हाई उचलली तर लारी." पुढे इंजिनिअर झाल्यावर भारतीय रेल्वेचे जनरल रूल्स हातात आले, त्यात शब्द वेगळे पण व्याख्या तंतोतंत हीच निघाली. चार माणसांना रुळावरून उचलून बाजूला ठेवता येईल ती ट्रॉली, तिच्यासारखीच पण त्याहून जड ती लॉरी, आणि स्वतःच्या मोटरीवर चालणारी ती मोटर ट्रॉली. गाडी येताना दिसली की आधी ट्रॉली खाली घ्यायची, मग घाम पुसायचा. त्या व्याख्येमागे कुणाचा तरी जीव आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

नोकरीच्या निमित्तानं मी इंग्लंडला आलो, इथेच निवृत्त झालो आणि आता दर शनिवारी एका लहानशा दोन फुटी लाईनीवर काम करतो. खाणीसाठी टाकलेली ही लाईन हौशी माणसांनी जिवंत ठेवली आहे. तिथल्या शेडच्या मागे ताडपत्रीखाली एक विकहॅम ट्रॉली पडून होती. हर्टफर्डशायरमधल्या वेअर गावच्या विकहॅम कंपनीनं अशा ट्रॉल्या ब्रिटिश रेल्वेसाठी आणि परदेशातल्या रेल्वेंसाठी खूप बनवल्या. रूळ दुरुस्त करणारी टोळी, तिची हत्यारं आणि चहाची किटली घेऊन जाणारी ही गाडी. आमची होती 1435 मिलिमीटरच्या मोठ्या गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची, आणि तिला 610 वर आणायची होती. या कामाला चार वर्षं लागली. तेवढ्या काळात जे हाती लागलं ते लिहून ठेवतो आहे, कारण इंजिनं जपायला माणसं मिळतात, ट्रॉली जपायला फार कमी.

1. गेजचा आकडा कागदावरून घेऊ नका, रुळावर जाऊन मोजा.

दोन फुटी म्हणजे किती? वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेचं गेज 597 मिलिमीटर. पहिल्या महायुद्धात खंदकांमागे टाकलेल्या लाईनी 600 च्या. माथेरानची आणि दार्जिलिंगची 610. बोलीभाषेत या सगळ्या दोन फुटीच. तेरा मिलिमीटरचा हा फरक चाकाच्या कडेला पुरता कळतो.

मी पहिल्या दिवशी स्टेशनाजवळच्या नव्या रुळावर गेज मोजलं, 610 आलं, वहीत लिहिलं आणि चाकांचं रेखाटन करायला बसलो. ही माझी या कामातली सगळ्यात मोठी चूक. गाडी तयार झाल्यावर पहिल्याच फेरीत, माणसाच्या चालीनं जात असताना, जुन्या खाणीकडच्या वळणावर आतलं चाक रूळ सोडून खाली उतरलं. कुणाला लागलं नाही. मग गेजपट्टी घेऊन मी ते वळण दर दोन पावलांवर मोजलं. काही ठिकाणी 619, एके ठिकाणी 623. वळणावर गेज थोडं सैल ठेवतातच. त्यात जुने स्लीपर, खिळे ढिले, आणि वर्षानुवर्षं बाहेरच्या रुळाला ढकलणारी चाकं. माझ्या चाकाचा रुळावर टेकणारा पट्टा इतका अरुंद होता की गेज सैल झालं की त्याला आधारच उरत नव्हता.

आण्णांचे साहेब गेजपट्टी घेऊन मैलोन्‌मैल का वाकत, हे मला त्या दिवशी उमगलं. आता माझ्याकडे आमच्या सगळ्या लाईनीचा तक्ता आहे. सगळ्यात सैल जागा, सगळ्यात घट्ट जागा, प्रत्येक पॉइंटावरची, म्हणजे रूळ फुटतात तिथली, क्रॉसिंग आणि चाकाची पाठ सांभाळणाऱ्या चेकरेलमधली फट. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर, ज्याला कारागीर बॅक-टू-बॅक म्हणतात, ते या तक्त्यावरून ठरतं. ते कमी पडलं तर चाकाची पाठ चेकरेलवर चढते. जास्त झालं तर चाकाची कड क्रॉसिंगच्या नाकावर आदळते. दोन्हीमधली मोकळीक आमच्या लाईनीवर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर निघाली.

आणखी एक. मोठ्या गेजच्या चाकाची कड खोल असते. खाणीच्या हलक्या रुळांची उंची कमी, त्यामुळे खोल कड रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या बोल्टांवर टकटक आपटत जाते. नव्या चाकांवर ती लेथवर उतरवून घ्यावी लागली.

2. जे कापलं ते परत येत नाही.

आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं की चौकट मधोमध कापावी, अरुंद करावी आणि वेल्ड करून टाकावी. दोन शनिवारांत काम झालं असतं. मी हटून बसलो. मूळ चौकट तशीच ठेवली, तिला एकही नवं भोक पाडलं नाही. आतून एक वेगळी उपचौकट बनवली, ती मूळच्याच बोल्टांच्या भोकांत बसवली, आणि अरुंद ॲक्सल त्या उपचौकटीला लावले. मूळचे ॲक्सल आणि चाकं ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून, शेडच्या माळ्यावर आहेत. उद्या कुणाला ही गाडी परत मोठ्या रुळावर न्यावीशी वाटली तर दोन पाने आणि एक दिवस पुरे.

मूळ चाकं काढताना हब आणि चाक यांच्यामध्ये वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाची एक चकती सापडली. तरुण पोरांना ती कचरा वाटली. मोठ्या लाईनीवर रुळांतून सिग्नलचा हलका विद्युतप्रवाह खेळवलेला असतो. लोखंडी ॲक्सलानं दोन रूळ जोडले गेले की तो ॲक्सलातूनच परत फिरतो आणि सिग्नल लाल होतो. ट्रॉलीनं उगाच सिग्नल लाल करू नये म्हणून तिची चाकं अशी वेगळी राखलेली असतात. आता याचा दुसरा अर्थ बघा. सिग्नलला ट्रॉली दिसतच नाही. तिच्यावरची माणसं केवळ घड्याळ, लाल झेंडा, स्टेशन मास्तरचा शब्द आणि स्वतःचे कान यांच्या भरवशावर असतात. आमच्या लाईनीवर असा विद्युतप्रवाह नाही, तरीही नव्या चाकांना मी तशीच चकती बसवली आहे. बघणाऱ्याला दाखवून ही गोष्ट सांगता येते.

3. ॲक्सल आखूड झाला म्हणजे त्याचा भार हलका झाला, असं समजू नका.

बैलगाडीचा आख कुठे मोडतो ते खेड्यातल्या कुठल्याही सुताराला विचारा. चाक आणि टेकू यांच्यामध्ये. आमच्या गाडीत बेअरिंगं बाहेर राहिली आणि चाकं आत गेली. बेअरिंगपासून चाकापर्यंतचं अंतर आधी बोटभर होतं, ते आता वीतभर झालं. तेवढ्याच वजनाला ॲक्सल आता कितीतरी जास्त वाकतो, आणि चाक फिरताना तो दर फेऱ्याला एकदा या अंगानं ताणला जातो, एकदा दाबला जातो. शंभर मीटर जाईपर्यंत असे कितीएक फेरे होतात. धातू एका दणक्यानं मोडत नाही, थकतो आणि मग मोडतो.

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी द्युमाँ द्युर्व्हिल त्यांतलाच एक. त्यानंतर ॲक्सल का मोडतात यावर रँकिननं लिहिलं आणि पुढे प्रशियात ऑगस्ट व्होलरनं ॲक्सलाचे तुकडे वर्षानुवर्षं फिरवून, वाकवून त्याचं गणित बसवलं. आज विमानापासून सायकलीपर्यंत जे थकव्याचं शास्त्र वापरतात ते या रेल्वेच्या ॲक्सलातून आलेलं आहे. म्हणून ट्रॉलीसारख्या लहान गाडीतही मला तिथे ढिलाई चालत नाही.

नवा ॲक्सल आम्ही बाहेरून करून घेतला. माप अचूक होतं, पण जिथे जाडी बदलते तिथे कोपरा चाकूनं कापावा तसा धारदार ठेवला होता. चावीची खाच सुद्धा तशीच, टोकाला काटकोन. तडा नेमका अशाच कोपऱ्यातून सुरू होतो. मी रेखाटनात गोलाईचा आकडा दिला नव्हता, त्यामुळे दोष माझाही. तो ॲक्सल आम्ही वापरला नाही. पैसे गेले. दुसरा करताना गोलाई तीन मिलिमीटर लिहिली आणि पोलिश करून मागितला. दर हिवाळ्यात चाकं काढून त्या जागी लाल रंगद्रव्य फासतो, पुसतो आणि वर पांढरी पावडर मारतो. केसाएवढा तडा असला तरी पावडरीत लाल रेघ उमटते. अजून उमटलेली नाही.

4. तोल सांभाळायला वजन वाढवू नका.

या लेखात एकच मुद्दा ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन.

गाडी 1435 च्या रुळावर उभी असते तेव्हा चाकं टेकण्याच्या जागांमध्ये सुमारे दीड मीटर अंतर असतं. आमच्या रुळावर ते 650 मिलिमीटर. गाडीचा गुरुत्वमध्य रुळापासून 700 मिलिमीटरवर होता. कागदावर त्रिकोण काढा. मोठ्या गेजवर गाडी उलटायला सुमारे 47 अंश कलावी लागते. लहान गेजवर 25 अंशांतच खेळ संपतो. ट्रॉलीवर माणसं अंग बाहेर काढून बसतात. आमची मूळची 1500 मिलिमीटर रुंद गाडी तशीच ठेवली तर कडेला बसलेला माणूस रुळाच्या बाहेर पाऊण हातावर अधांतरी असतो. दोघेजण एकाच बाजूला बसले की गाडीला सावरणाऱ्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांनीच खाल्ला. वर वळण, वर खळगा.

खळग्याचं गणित तर आणखी बोलकं आहे. एक रूळ एक सेंटीमीटर खचला तर मोठ्या गेजवर गाडी अर्धा अंशही कलत नाही. आमच्याकडे तोच एक सेंटीमीटर दुपटीहून जास्त कलवतो. अरुंद लाईनीवर रूळ राखणाऱ्याचं काम कमी नसतं, जास्त असतं. आण्णांच्या वेळची टोळी एवढ्याशा लाईनीवर दिवसभर खडी का ठोकायची, याचं उत्तर मला साठीनंतर या त्रिकोणात मिळालं.

तर मी पहिला उपाय केला तो सोपा होता. चौकटीच्या तळाशी, चाकांच्या मध्ये, लोखंडी पट्ट्या बसवल्या. एकशे वीस किलो. तोल सुधारला, मला समाधान वाटलं. आमच्याकडे एक निवृत्त प्लेटलेयर, म्हणजे रूळ राखणारे, येतात, वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य रुळावर गेलेलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, उचलण्यासाठीचे चार लोखंडी दांडे ओढून बाहेर काढले, एक टोक उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग एवढंच विचारलं, "गाडी समोरून आली तर हिला रुळावरून कोण काढणार?"

आण्णांचं वाक्य मला तिथे उभ्या जागी आठवलं. लहानपणापासून पाठ असलेली व्याख्या मी त्रिकोण काढताना साफ विसरलो होतो. मी ट्रॉलीची लॉरी करून ठेवली होती.

सगळ्या पट्ट्या काढल्या. वजन वाढवण्याऐवजी आहे ते वजन खाली आणायचं ठरवलं. इंजिनाची बैठक 110 मिलिमीटर खाली घेतली. बाकं 150 नं खाली आणली आणि आत सरकवली, इतकी की बसलेल्या माणसाचे गुडघे बाहेर राहतात पण कंबर चाकाच्या जवळ येते. हत्यारांची पेटी छपराखालून काढून फळीखाली घातली. पत्र्याचं छप्पर उतरवून माळ्यावर ठेवलं आणि त्याच आकाराची कॅनव्हासची कनात केली. छपरावरून आमच्यात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. गाडी मूळ रूपात हवी म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं. पण छपराचं वजन सगळ्यात उंचावर होतं.

गुरुत्वमध्य 570 वर आला. एका बाजूखाली जॅक लावून, बाकांवर वाळूची पोती ठेवून, ओळंबा टांगून आम्ही गाडी हळूहळू कलवत नेली, पलीकडे दोर बांधून. हिशेबानं 30 अंशांच्या आसपास यायला हवं होतं. पोत्यांसकट ती जागा थोडी अलीकडे आली, आणि त्यावरूनच वेग आणि माणसांची संख्या ठरवली. ताशी पंधरा किलोमीटर, चार माणसं, दोन्ही बाजूंना दोन-दोन. बाकावर तसं लिहून ठेवलं आहे. गाडीचं वजन भरलं 560 किलो. चौघांना एका वेळी अख्खी उचलणं शक्य नाही, पण एक टोक 280, म्हणजे माणशी 70. एक टोक उचलून फिरवायचं, मग दुसरं.

5. चार पायांच्या चौकटीला एक पाय मोकळा द्या.

तिपाई कुठल्याही अंगणात ठेवा, डगमगत नाही. चौपाई डगमगते. ट्रॉलीला मोठ्या डब्यासारख्या लवचिक स्प्रिंगा नसतात. चौकट ताठ असली आणि रुळाला पीळ असला, म्हणजे पुढे डावा रूळ खाली आणि मागे उजवा, की चारांतलं एक चाक हवेत राहतं. हवेतल्या चाकाची कड वळणावर रूळ धरत नाही. मोठ्या गेजची चौकट लांब-रुंद असल्यानं थोडी पिळवटून जुळवून घेते. माझी नवी उपचौकट आखूड आणि जाड, ती मुळीच वाकेना.

उपाय जुना आहे. मागचा ॲक्सल चौकटीला दोन्ही टोकांना घट्ट न बांधता एका आडव्या पट्टीला लावला आणि ती पट्टी मधोमध एका जाड पिनेवर झुलती ठेवली. आता चौकट तीन जागी टेकते. झुलण्याला दोन्ही बाजूंना रबराचा अटकाव आहे, नाहीतर तोलाचं काम पुन्हा बिघडलं असतं. खाणीकडच्या त्या वळणावर, जिथे आधी चाक उतरलं होतं, आम्ही चुना फासलेला कागद चाकांखाली सरकवत सरकवत गेलो. चारही चाकांचे ठसे उमटले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

6. साखळी आणि ब्रेक शेवटी बघू, असं म्हणू नका. चाकं आत आली की साखळीचं दातेरी चाक आणि ब्रेकची दांडी दोन्ही जागेवरून जातात. साखळीची रेघ सहा मिलिमीटर चुकली तर एका उन्हाळ्यात दात झिजतात. आमचे झिजले.

7. घर्षणावर चालणाऱ्या गाडीला तेलाचं बोट लागू देऊ नका.

या गाडीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिची चाल. इंजिन लंडनच्या टॉटनहॅममधल्या जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्याचं, हवेनं थंड होणारं. सगळे त्याला जॅप म्हणतात. गिअरबॉक्स नाही. इंजिनाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिच्या तोंडाला काटकोनात एक दुसरं चाक टेकवलेलं असतं, त्याच्या घेराला घर्षणाचा पट्टा. हे चाक तबकडीच्या मध्याशी असलं की गाडी उभी. मध्यापासून थोडं दूर सरकवलं की सावकाश, कडेकडे नेलं की वेगात. मध्याच्या पलीकडे नेलं की गाडी उलटी धावू लागते. लाईनीच्या टोकाला ट्रॉली वळवायची गरज नाही, तेवढ्याच वेगानं मागे येते. गुऱ्हाळातल्या पट्ट्यावर वाढलेल्या माणसाला हे यंत्र समजायला दोन मिनिटं पुरतात.

पण त्याची काही पथ्यं आहेत. शेडमध्ये उभी करताना चाक तबकडीला दाबून ठेवलं तर पट्ट्याला एका जागी चपटा खड्डा पडतो आणि पुढे दर फेऱ्याला गाडी उचकी देते. आमच्या गाडीला किती वर्षं कुणी असं उभं केलं होतं कोण जाणे. पट्टा बदलावाच लागला. दुसरं, इंजिनाच्या शाफ्टातून थेंबभर तेल तबकडीवर आलं की पट्टा काचेसारखा गुळगुळीत होतो आणि चढावर गाडी नुसती ओरडते. तेलाचा सील आधी, बाकी सगळं नंतर. इंजिन खाली घेताना तबकडी आणि पट्ट्याच्या चाकाचा काटकोन जरासा बिघडला होता. एका बाजूला धूर येईपर्यंत ते आमच्या लक्षात आलं नाही. पातळ पत्रे घालून तो सरळ केला, तेव्हा पहिल्यांदा गाडी आवाज न करता निघाली. शेडमधले सगळे हातातलं काम सोडून बाहेर आले.

8. इंजिन तापल्यावर बंद पडत असेल तर पेट्रोलवर संशय घेण्याआधी मॅग्नेटो तपासा.

थंड असताना पहिल्या झटक्याला सुरू. वीस मिनिटांनी बंद. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू. आम्ही टाकी धुतली, नळी बदलली, कार्बोरेटर तीनदा उघडला. दोन महिने गेले. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या आतला जुना कंडेन्सर उष्णतेनं हार मानत होता. निवल्यावर तो ठीक, त्यामुळे शेडमधल्या टेबलावर कधीच दोष दिसला नाही. आता मी मॅग्नेटो आधी गरम करतो, मग तपासतो.

पेट्रोल मात्र निर्दोष होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात आणि टाकीत पाणी धरतं. भारतात तर हे प्रमाण त्याहून पुढे गेलं आहे. जुनी मोटर ट्रॉली, जुनी मोटरसायकल, कुठलंही जुनं इंजिन असो, नळ्या आणि वॉशर नव्या पेट्रोलला टिकणारे घाला आणि हिवाळ्यात टाकी रिकामी ठेवा.

9. जुन्या ब्रेकची धूळ फुंकू नका.

जुन्या घर्षणपट्ट्यांत आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही 1999 मध्ये बंदी आली, पण ही गाडी त्याआधीची. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे ब्रेक तोंडानं किंवा हवेच्या नळीनं साफ करायचे. मीही तरुणपणी तेच केलं. आता ओल्या फडक्यानं, मास्क लावून, आणि फडकं बंद पिशवीत. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

10. रंग खरवडताना थर मोजत जा.

दरवाज्याच्या कडेला तळहाताएवढी जागा मी वॉटर पेपरनं एकेक थर घासत नेली. वर पिवळा, खाली हिरवा, त्याखाली करडा, मग लाल प्रायमर. करड्या थरावर पेन्सिलीनं ओढलेल्या पाच-पाचच्या रेघा होत्या, चार उभ्या आणि एक आडवी. काहीतरी मोजलेलं होतं. स्लीपर असतील, पोती असतील, कामाचे दिवस असतील. टोळीतल्या कुणाचं नाव कुठे नोंदलेलं नाही, पण त्याच्या हाताची ही खूण राहिली. तेवढी जागा आम्ही रंगवली नाही. वर पारदर्शक वार्निश मारलं आणि बाकीची गाडी हिरवी केली.

अशी नावं मी आणखी एका जागी शोधली. स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक लाईन होती. बार्शी लाइट ज्यानं उभारली त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपनंच तिचीही आखणी केली, गेजही बार्शीचंच, 762 मिलिमीटर. 1904 मध्ये सुरू झाली, 1934 मध्ये बंद पडली. आता तिथे पायवाट आहे. रंगाचं काम सुरू असताना मी एका रविवारी तिथे चालून आलो. दरीतून वळणं घेत जाणारा तो रस्ता रुंदीनं कुर्डुवाडीच्या लाईनीएवढाच होता. कॅलथ्रॉपचं नाव तिथे पाटीवर वाचायला मिळतं. रूळ राखणाऱ्या माणसांचं काही शोधलं, मिळालं नाही.

11. हातानं उचलायचा सराव गरज पडण्याआधी करा.

दर पाचशे मीटरवर लाईनीच्या कडेला आम्ही जुन्या स्लीपरांचे ओटे केले आहेत, रुळाच्या उंचीचे, ट्रॉली उतरवून ठेवायला. आण्णांच्या लाईनीवर ट्रॉली उतरवण्याच्या जागा ठरलेल्या असत, तिथूनच ही कल्पना घेतली. सुरुवातीला महिन्यातून एकदा, गाड्या नसताना, आम्ही चौघं ट्रॉली उतरवायचो आणि चढवायचो. पाठ सरळ, गुडघ्यातून उठायचं, चालताना कुणी बोलायचं नाही, एकानंच आवाज द्यायचा.

गेल्या ऑक्टोबरात रात्रभर वारा होता. सकाळी आम्ही पडलेल्या फांद्या बघत ट्रॉलीनं निघालो. लाईन आमच्या ताब्यात होती, पण ठरलेल्या वेळेनंतर पहिली प्रवासी गाडी सोडणार होते आणि एक जाडजूड फांदी कापण्यात आमचा वेळ गेला. टेलिफोनवर बोलून घेतलं. गाडी थांबवता आली असती, पण ओटा वीस पावलांवर होता. ट्रॉली तिथवर ढकलली, दांडे ओढून बाहेर काढले, एका टोकाला चौघं वाकलो. आवाज द्यायची पाळी माझी होती. ठरलेला शब्द इंग्रजी होता. माझ्या तोंडून निघालं, "घ्याऽऽ!"

बाकीच्या तिघांना तो शब्द ठाऊक नव्हता. टोक मात्र चौघांच्या हातात एकाच वेळी वर आलं. फिरवलं, टेकवलं, दुसऱ्या टोकाला गेलो, पुन्हा उचललं. लाल झेंडा गुंडाळला आणि लाईन मोकळी झाल्याचं कळवलं. थोड्या वेळानं गाडी आली, ड्रायव्हरनं शिट्टी दिली, डब्यातल्या मुलांनी हात हलवले. ती वळणाआड गेल्यावर परवानगी घेऊन ट्रॉली पुन्हा रुळावर ठेवली आणि पुढे निघालो. खाणीच्या वळणाअलीकडच्या सांध्यावर एक फिशबोल्ट ढिला सापडला. तो आवळला आणि वहीत जागा लिहून ठेवली.